आईसाठी असं यंत्र हवंय: लावलं की वाजेल, बंद केलं की गप्प बसेल. मिळेल का?

भातापेटी, नारायण पेठ

नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय मला काय हवंय ते कळायचं नाही.

मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. दुकान वडिलांनी काढलेलं, नारायण पेठेत. राहायला आम्ही सहकारनगरला. आई ७९ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर बघितलं की मधोमध ढग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलताना ती मान थोडी डावीकडे वळवते, तेव्हा कुठे मी तिला दिसतो. चार वर्षांपूर्वी वाचन सुटलं. आता तिचा दिवस कानांवर चालतो.

गेल्या दिवाळीत घरचा जुना टीव्ही गेला म्हणून नवा घेतला. बसवायला आलेल्या मुलाने माझा मोबाइल नंबर घातला, ईमेल मागितला आणि अटींची पानं 'मान्य', 'मान्य' करत भराभर पुढे नेली. मी म्हटलं, थांब, वाचू दे. तो म्हणाला, काका, मान्य केल्याशिवाय पुढे जातच नाही. पैसे मोजून आणलेली वस्तू माझ्या भिंतीवर टांगलेली, आणि ती सुरू करायला मी कुणालातरी संमती द्यायची! मला त्या दिवशी काही सुचलं नाही, गप्प बसलो.

आई पहाटे पाचला उठते. तिला अभंग ऐकायचे असतात. टीव्हीवर लावून द्यायचो. एके दिवशी मी आत झोपलेलो, आणि अभंग ऐन रंगात आलेला असताना मध्येच एक पुरुषी आवाज ओरडला, "दोन मिनिटांत कर्ज! कागदपत्रं नकोत!" मी उठून बाहेर आलो तर आई पलंगावर ताठ बसलेली, हात मांडीवर घट्ट धरलेले. तिला वाटलं कुणी माणूसच घरात येऊन बोलतोय. मला म्हणाली, "आपण कुणाकडून कर्ज घेतलंय का रे? मला सांगितलं नाहीस ते." मी समजावलं, जाहिरात होती. तिने मान डोलावली. पण पुढे आठवडाभर, जेवताना, चहा घेताना, मध्येच विचारायची, "फेडलंस ना ते?"

हे मला सहन होत नाही. म्हातारं माणूस पहाटे देवाचं नाव ऐकत बसलंय आणि त्याच्या कानात कुणीही ओरडून जातं, हे मला सहन होत नाही.

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक पेटी घेऊन गेलं की विषय संपला. तो काळी एकच्या सुरात गातो की पांढरी चारच्या, भजनाला वाजवतो की तमाशाला, मला कळायचं कारण नाही. भाता फुटला, सूर उतरला, उंदराने कातडं कुरतडलं की तो परत येतो. पेटी माझ्याकडे निरोप पाठवत नाही. मला यंत्रही असंच हवंय. विकत घेतलं की माझं.

आई एक गोष्ट सांगते. त्यांच्या वाड्यात रेडिओ होता (तो पुढे १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेला). तेव्हा रेडिओला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. म्हणजे सरकारला एवढं ठाऊक असायचं की या घरी रेडिओ आहे. कुठलं स्टेशन लावता, किती वाजता बंद करता, मध्येच उठून गेलात का, हे पोस्टमास्तर विचारत नव्हता. आता विचारतात, आणि विचारलं हेही कळू देत नाहीत.

तर मला हवंय ते असं. पडदा नको. नावनोंदणी नको, नंबर नको, इंटरनेट तर नकोच. हाताला लागेल असं एक बटण, फिरवायचं किंवा ओढायचं, काचेवर बोट घासायचं नाही. आमच्याकडच्या कॅसेटी त्यावर भरता आल्या पाहिजेत. साठेक आहेत, त्यात वडिलांच्या भजनाच्या काही घरीच भरलेल्या. कीर्तन अर्ध्यावर थांबवलं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हावं. आणि गुरुवारी दिवे जातात, त्यानंतर माझ्या मदतीशिवाय परत चालू व्हावं.

असं बाजारात आहे का? नसेल तर करता येईल का? लाकूडकाम माझं मी करीन, चांगलं करीन. वायर, सर्किट यातलं मला कळत नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला असंच काही हवं असून मिळत नसेल तर तेही लिहा. मला वाटतं आपण पुष्कळजण आहोत.

सोल्डरगन, बुधवार पेठ

काका, पासोड्या विठोबाजवळ माझं रिपेरिंगचं टेबल आहे. आधी टीव्हीचं सांगतो, तो आजच सुटेल.

सेटिंगमध्ये जाऊन तुमचं वायफाय 'फरगेट' करा. लॅनची वायर असेल तर काढा. इंटरनेट नसलं तरी टीव्ही चालतो, फक्त आतली ॲपं बंद पडतात. मग छत्री लावा, डीडी फ्री डिश. २००४ सालापासून आहे, महिन्याचे पैसे नाहीत. लोकांना कळत नाही ती गोष्ट ही की छत्री वरून येणारं फक्त घेते. घरातून सॅटेलाइटकडे परत काही जात नाही, जायला रस्ताच नाही. कोण बघतंय, किती वेळ बघतंय, पाठवणाऱ्याला कळूच शकत नाही. जाहिराती तिथेही असतात, पण त्या सगळ्या गावाला सारख्याच.

गाण्यांसाठी तयार वस्तू म्हणाल तर २०१७ मध्ये कारवां नावाचा रेडिओसारखा डबा आला, ५००० जुनी हिंदी गाणी आतच भरलेली. मराठी गाण्यांचाही निघाला. दुकानात बघतो ना मी, तो घ्यायला येतात ती साठीच्या पुढची माणसं, किंवा त्यांच्यासाठी घेणारी मुलं. का खपला? बटण दाबलं की गाणं लागतं म्हणून. पेनड्राइव्हही लागतो त्याला. पण त्याची बटणं सपाट आणि एकसारखी आहेत, आईंना चाचपून कळतील का याची मला खात्री नाही. एकदा दुकानात येऊन हात लावून बघा, मग ठरवा.

कॅसेटी मात्र टाकू नका. डेक असेल तर घेऊन या, हेड साफ करून देतो.

पाचावरचा ठिपका, कोरेगाव पार्क

भातापेटी, तुमचं लिखाण माझ्या फोनने मला वाचून दाखवलं. मी जन्मापासून अंध आहे, शाळेत शिकवतो. तुम्ही जे शोधताय ते आमच्या जगात पंचवीसेक वर्षं आहे. डोळसांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

त्याला डेझी प्लेअर म्हणतात. डेझी हा बोलक्या पुस्तकांचा प्रकार आहे: पुस्तक ऐकताना प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर उडी मारता येते. माझ्याकडे व्हिक्टर रीडर स्ट्रीम आहे. हाताच्या पंजात मावतो. पडदा नाही. जुन्या फोनसारखी आकड्यांची बटणं, आणि ५ वर एक बारीक उंचवटा. अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला की बाकीची नऊ बटणं कुठे आहेत ते हाताला कळतं. (तुमच्या हातातल्या बटणांच्या फोनवरही तो ठिपका आहे. आज बोट फिरवून बघा, तो आमच्यासाठी आहे.) पुस्तक कार्डात घालायचं, इंटरनेट लागत नाही, आणि थांबवलं तिथूनच ते पुढे सुरू होतं. तीन पुस्तकं अर्धवट असली तर तिन्हींची जागा लक्षात ठेवतं.

महाग आहे, बाहेरून येतं, हा त्याचा दोष मी लपवत नाही.

पण पुस्तकांसाठी आईंची सुगम्य पुस्तकालयात नोंदणी जरूर करा. २०१६ पासून ऑनलाइन आहे, अंधांसाठी आणि ज्यांना छापील वाचता येत नाही अशा सगळ्यांसाठी. डॉक्टरांचा दाखला लागेल. तिथे नाव द्यावं लागतं, खरं आहे, पण वाचनालयात नाव देणं आणि दिवाणखान्यात कुणी टिपण घेत बसणं यात फरक आहे. अशी पुस्तकं देशोदेशी वाटता यावीत म्हणून २०१३ मध्ये मराकेश इथे करार झाला, आणि २०१४ मध्ये तो सगळ्यांत आधी मंजूर करणारा देश आपला होता. मला त्याचा फार अभिमान आहे.

तुम्ही स्वतः यंत्र करणार असाल तर माझी एकच विनंती आहे. एकदा बटणं ठरवलीत की कधीही हलवू नका. मोबाइलला अपडेट येतं, मेन्यू इकडचा तिकडे जातो. तुम्हाला नवी जागा शोधायला दोन मिनिटं लागतात. मला मात्र वाटतं, रात्री झोपेत कुणीतरी घरातलं सगळं सामान हलवून गेलंय. जाहिराती आणि पाळत यांच्याइतकाच हा त्रास मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मला काय हवंय? बोलणारा वजनकाटा, बोलणारा थर्मामीटर, बोलणारा रक्तदाबाचा पट्टा, मराठीतून आणि फोनला न जोडता. आकडा सांगून गप्प बसणारा. माझा ताप किती आहे हे मला आणि माझ्या डॉक्टरांना कळलं की बास.

उशिरा सुटलेला, हिंजवडी

मी काही वर्षं टीव्हीच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, म्हणून आतलं थोडं लिहितो. कंपनीचं नाव सांगत नाही.

टीव्ही नुसता तुम्ही कुठलं ॲप उघडलं ते बघत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राची तो दर काही क्षणांनी खूण घेतो, बोटाच्या ठशासारखी, आणि ती खूण बाहेरच्या सर्व्हरवर साठवलेल्या ठशांशी जुळवली जाते. याला एसीआर म्हणतात. त्यामुळे चित्र सेट-टॉप बॉक्समधून आलं तरी ते ओळखलं जाऊ शकतं. सोल्डरगन यांचा उपाय म्हणूनच पक्का आहे: खूण घेतली तरी ती घराबाहेर पडली नाही पाहिजे. ज्यांना इंटरनेट ठेवायचंच आहे त्यांनी सेटिंगमध्ये शोधा, सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' या नावाखाली हे दडलेलं असतं. नावावरून कुणाला शंकाही येणार नाही.

अमेरिकेत विझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून हे न सांगता केलं. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने पकडलं आणि २२ लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे टीव्हीमागे वीस सेंट. त्याच कंपनीच्या २०२१ च्या एका तिमाहीचे आकडे बघा: टीव्ही विकून ढोबळ नफा सुमारे अडीच कोटी डॉलर, जाहिराती आणि डेटाच्या विभागातून पावणेसहा कोटींच्या जवळपास. टीव्ही स्वस्त का मिळतो त्याचं उत्तर यात आहे. नफा दुकानात होत नाही, नंतर तुमच्या सोफ्यासमोर होतो. अशा धंद्यात 'बंद केलं की गप्प बसणारं' यंत्र काढायला वरिष्ठ हो म्हणत नाहीत. मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर आलं, त्याचा महिन्याचा महसूल कुठून आणायचा?

आपल्याकडे आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे. त्यात लिहिलंय की संमती मोकळेपणाने दिलेली आणि विनाअट हवी, दिली तितक्याच सहजपणे परत घेता यायला हवी, आणि ती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा. म्हणजे मराठीतही. भातापेटी, तुम्ही त्या मुलाला 'थांब, वाचू दे' म्हणालात. तुमचं बरोबर होतं.

यंत्राबद्दल: नक्की करता येईल. रास्पबेरी पाय नावाचा एका पट्टीवरचा छोटा संगणक मिळतो, तो घ्या, पण क्रमांक ३, कारण त्याला हेडफोनचं भोक आहे. नव्या ५ ला ते नाही. त्यावर फोनीबॉक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर चालतं, जर्मन लोकांनी लहान मुलांसाठी केलेलं. ऑफिसच्या दाराला असतं तसं कार्ड खोक्यावर टेकवायचं, की त्या कार्डाचं गाणं सुरू. कार्ड वाचणारं यंत्र यूएसबीला लावायचं. ते कीबोर्डसारखं वागतं: कार्डाचा नंबर टाइप करतं आणि एंटर मारतं, यापलीकडे त्यात काही नाही. एकदा सगळं भरून झालं की वायफाय कायमचं बंद. दिवे गेल्यावर मेमरी कार्ड बिघडू नये म्हणून ते 'फक्त वाचा' असं ठेवता येतं, पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले म्हणून पर्याय आहे. फक्त 'कुठे थांबलो' हे लिहायला एक छोटी पेनड्राइव्ह वेगळी ठेवा. ते जोडून द्यायला शनिवारी मी येतो. मनापासून सांगतो, मला हे काम करायचंय.

पौडरोड

सगळ्यांचं वाचतोय. एक बाजू राहिली म्हणून लिहितो. माझे वडील गावाकडे असतात. आमच्याकडे टीव्ही आला तो स्वस्त झाला म्हणूनच, आणि तो स्वस्त झाला जाहिरातींच्या पैशावर, हे वर लिहिलेलंच आहे. वडील फुकट कुस्त्या बघतात, शेतीचे व्हिडिओ बघतात, मध्ये जाहिरात आली की तंबाखू मळतात. त्यांना हे बिनजाहिरातीचं यंत्र दुप्पट किमतीत दिलं तर ते घेणार नाहीत. गरिबाला परवडणारी वस्तू वाईट ठरवू नका.

भातापेटी

पौडरोड, तुमचं मी दोनदा वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या हातातलं काही काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. मला दुकानात दोन्ही वस्तू शेजारीशेजारी मांडलेल्या हव्यात. एकीवर लिहिलेलं असावं: ही स्वस्त आहे, कारण ही तुमच्याकडे बघते आणि ते विकते. दुसरीवर: ही महाग आहे, ही बघत नाही. मग ज्याने त्याने ठरवावं. आज मी जास्त पैसे द्यायला तयार असून मला दुसरी मिळत नाही, आणि पहिलीवर तसं लिहिलेलं नसतं. माझी तक्रार एवढीच.

ठिपका सर, रात्री जेवण झाल्यावर आईच्या जुन्या फोनच्या ५ वर बोट फिरवलं. गेली दहा वर्षं तो फोन घरात आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "मला माहितीये की. त्याच्यावरूनच तर तुला लावते."

आजीची नात, वारजे

मला रक्तदाबाच्या मशीनबद्दल लिहायचं होतं, ते सरांनी लिहिलं. एकच जोडते. आमच्याकडच्या मशीनला ॲप आहे, आणि ॲप म्हणतं लोकेशन चालू करा, नाहीतर मशीन जोडलं जाणार नाही. आजीचा रक्तदाब मोजायला ती कुठे बसलीये हे कशाला हवं? ॲप काढून टाकलं. आता मशीनवरचा आकडा मी वहीत लिहिते, डॉक्टरही वहीच बघतात. १९६५ मध्ये जपानमध्ये मानपो-केइ नावाचं पावलं मोजायचं यंत्र निघालं. कमरेला लावायचं, संध्याकाळी आकडा बघायचा. दहा हजार पावलांचं जे सगळे बोलतात ते त्या नावातूनच आलंय, नावाचा अर्थच तो. तसलं काहीतरी मला हवं: दिवसाच्या शेवटी आकडा मला दाखवणारं, आणि फक्त मलाच.

भातापेटी (दीड महिन्यानंतर)

झालं. सगळ्यांना सांगायला हवं म्हणून सविस्तर लिहितो.

खोकं जुन्या पेटीच्या सागवानाचं केलं. तिचा भाता आणि सूर कामातून गेले होते, पण लाकूड अजून खणखणीत. समोर तिचीच नक्षीची जाळी, तिच्यामागे स्पीकर. ॲम्प्लिफायरची आगपेटीपेक्षा लहान पट्टी सोल्डरगन यांनी दिली आणि जुना पाय ३ ही त्यांनीच मिळवून दिला. सगळं मिळून साडेपाच हजार गेले, लाकूड आणि मजुरी माझी.

चालू-बंद कसं करायचं यावर मी आठ दिवस घालवले. शेवटी पेटीची खुंटीच लावली. पेटीला पुढे खुंट्या असतात. ओढली की हवेला वाट मिळते, ढकलली की बंद. आईने लग्न झाल्यापासून पेट्याच बघितल्यात. खुंटीच्या मागे एक छोटा स्विच बसवला, तो थेट स्पीकरची वायर तोडतो. ओढली की आवाज, ढकलली की शांतता. आत काहीही चालू असो, ढकलल्यावर कुणाचाही आवाज बाहेर येऊ शकत नाही. शनिवारी हिंजवडीचे साहेब आले होते. त्यांनी ते बघितलं आणि चार-पाच वेळा नुसतीच खुंटी आतबाहेर केली. वायफाय त्यांनी बंद केलंच, वर आतला अँटेना बोट ठेवून मला दाखवला, म्हणाले, खात्री हवी असेल तर हाही तोडू. मी म्हटलं, राहू दे, तुमच्या शब्दावर भागेल.

कार्डं चार. अंधारात ओळखू यावीत म्हणून प्रत्येकावर एकेक वस्तू चिकटवली. अभंगांवर तुळशीचा मणी. नाट्यगीतांवर कोटाचं मोठं बटण. कीर्तनावर चिंचोका, कारण आईने तोच मागितला. चौथ्यावर पेटीच्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा, ते वडिलांचं.

वडिलांच्या कॅसेटीचं सांगायचं राहिलं. संगणकावर भरून ऐकली आणि मला ते वडील वाटेनात. आवाज कोवळा, घाईत. पेटी घेऊन बसलो, सूर धरला तर पांढरी तीन. वडील आयुष्यभर काळी दोनमध्ये गायले. साथीला मीच असायचो, माझं चुकणार नाही. म्हणजे डेक अर्धा सूर वर पळत होता, शंभराला सहा एवढा वेग जास्त. सोल्डरगन यांच्याकडे डेक नेला. मोटरच्या मागे एक भोक असतं, त्यात बारीक स्क्रू. मी काळी दोनचा सूर धरून बसलो आणि ते स्क्रू केसभर केसभर फिरवत राहिले. सूर सुराला मिळाला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. साठच्या साठ कॅसेटी पुन्हा भरल्या.

आई आता पहाटे स्वतः उठून लावते. मला हाक मारत नाही. परवा मी पाणी प्यायला उठलो तर ती खोक्यापुढे बसलेली, चारही कार्डं मांडीवर, अंगठ्याने एकेक चाचपत. तुळशीचा मणी सापडला, टेकवला, खुंटी ओढली. कर्जाचं तिने महिनाभरात विचारलेलं नाही.

एक अडचण उरलीये. कार्ड खोक्यावर टेकवताना तिचा हात थरथरतो, कधी तेच कार्ड दोनदा वाचलं जातं आणि अभंग पहिल्यापासून सुरू होतो. ती काही बोलत नाही, पुन्हा पहिल्यापासून ऐकते. पण मला ते खुपतं. काही करता येईल का?

उशिरा सुटलेला, हिंजवडी

येईल. फोनीबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'सेकंड स्वाइप' म्हणून आहे: तेच कार्ड दुसऱ्यांदा आलं तर काय करायचं. आत्ता ते 'पहिल्यापासून' असं आहे, ते बदलून 'काही करू नकोस' करू. आईंच्या हाताची सवय बदलायची नाही. त्यासाठी आधी ओव्हरले काढावं लागेल, नाहीतर बदल टिकणार नाही. तुम्ही हात लावू नका, शनिवारी सकाळी येतो.

भातापेटी

या. दहाच्या आत आलात तर आईच्या हातचं थालीपीठ मिळेल.